कारखान्यातले मांजर आणि उशिराचे व्याज

उधारी थकली की व्याज चढते, हे आमच्या व्यापारी वाचकांना सांगावयास नको. दुखण्यावरही व्याज चढते आणि ते महिन्याने नव्हे तर तासाने चढते, हा धडा मात्र आम्ही वयाच्या पंधराव्या वर्षी एका बोक्याकडून शिकलो. व्यापाराच्या पानावर मांजराच्या आजाराचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु धान्याचे गोदाम, किराणा दुकान, बेकरी, छापखाना, चामड्याच्या पिशव्यांचा कारखाना यांपैकी जेथे जेथे उंदीर आहे तेथे बहुधा मांजरही आहे. ते पगार मागत नाही म्हणून हिशेबात दिसत नाही. ते आजारी पडले की प्रश्न उभा राहतो, आणि तो सहसा घरातल्या शाळकरी मुलापुढे उभा राहतो. मांजराला दूध घालणारे, त्याच्या अंगावरच्या पिसवा काढणारे, ते आज जेवले की नाही हे जाणणारे तेच मूल असते. म्हणजे माहिती मुलाकडे, पैसे वडिलांकडे आणि इलाज डॉक्टरकडे. या तिघांची गाठ वेळेवर पडत नाही आणि मांजर दगावते.

ऐन सीझनमधले दुखणे

मुंबईत मदनपुऱ्यात आमच्या अब्बांचा बाइंडिंगचा लहानसा कारखाना होता. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून एप्रिल आणि मे हे वह्यांचे महिने. रात्री उशिरापर्यंत शिलाई, खळ, पुठ्ठा आणि कटिंग चाले. खळ मैद्याची असे. तिचा वास उंदरांना बरोबर लागतो. खळ लावलेला पुठ्ठा सुकायला ठेवला की सकाळी त्याचे कोपरे कुरतडलेले दिसत, आणि कुरतडलेली वही कोणी दुकानदार घेत नाही. शेरू नावाचा बोका पिल्लू असताना कोठून तरी आला, कात्रणाच्या ढिगात झोपू लागला आणि वर्षभरात उंदरांचा त्रास बराच कमी झाला. त्याला बक्षीस काय, तर रात्रीच्या जेवणातला एक तुकडा आणि थोडे दूध.

१९९४ च्या मे महिन्यात एका सोमवारी शेरू कात्रणाच्या ढिगात जाऊन बसला, जोर केला आणि उठला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. असे दहा वेळा झाले. बाइंडिंगचे उस्ताद म्हणाले, "पोट साफ होत नाही त्याचे. एरंडेल दे." आम्ही दिले. मंगळवारी त्याने जेवण सोडले आणि तो विव्हळू लागला. नाक्यावरच्या मेडिकल दुकानात आम्ही विचारले. दुकानदाराने तापाची गोळी पुढे केली आणि पाव भाग दुधातून द्यायला सांगितले. आम्ही ती कुटून पाजायचा प्रयत्न केला. शेरूने तोंडाला फेस आणला, सगळे थुंकून टाकले आणि आमचा हात ओरबाडला. आम्ही त्याच्यावर रागावलो. ती गोळी पोटात गेली असती तर तो तिनेच मेला असता, हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळले.

त्याच दुपारी आम्ही त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, वर सुतळी बांधून, एका खाजगी दवाखान्यात नेले. खिशात साठवलेले ८५ रुपये होते. काउंटरवरच्या माणसाने खोके उघडूनही पाहिले नाही. "घरचे मोठे कोणी घेऊन ये," म्हणाला. आम्ही परतलो. त्या माणसाचे नियमाप्रमाणे बरोबर असेल. परंतु मोठे कोणी येऊ शकत नव्हते म्हणूनच आम्ही गेलो होतो.

अब्बांना सांगितले तेव्हा ते मशीनवर उभे होते. "सीझन आहे बेटा, माणसांना जेवायला वेळ नाही. मांजर आपले आपण बरे होते." यात निर्दयता नव्हती. पाच दिवसांत माल द्यायचा होता आणि कामगारांची मजुरी त्यावर होती. आम्ही रडलो असतो तर त्यांनी समजूत घातली असती आणि पुन्हा मशीन सुरू केले असते.

म्हणून आम्ही रडलो नाही. रात्री अब्बांची कच्ची वही काढली. शेरू येण्यापूर्वीच्या सीझनची पाने उलटली. त्यांच्याच हाताने ठिकठिकाणी लिहिले होते: उंदीर, दोन बंडल खराब, उंदीर, पुठ्ठा, पिंजरा, औषध. तो आल्यानंतरच्या पानांवर अशा नोंदी मोजक्याच होत्या. आम्ही दोन्ही सीझनची बेरीज एका कात्रणावर मांडली आणि ते कात्रण वहीत ठेवून दिले.

बुधवारी पहाटे अब्बांनी उठवले. हातात ३०० रुपये ठेवले आणि उस्तादांना म्हणाले, "तुम्ही जा याच्याबरोबर. सही लागेल." टॅक्सी करून आम्ही परळला पोहोचलो.

बैलघोडा हॉस्पिटल

परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे इस्पितळ मुंबईकर 'बैलघोडा हॉस्पिटल' या नावानेच ओळखतात. या नावातच या धंद्याचा इतिहास आहे. गिरणीमालक दिनशॉ माणकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात ते उभे राहिले तेव्हा शहराचा माल बैलगाडीने आणि घोडागाडीने हलत असे. जनावर आजारी म्हणजे धंदा बंद. शेजारचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. पशुवैद्यक ही विद्या आपल्याकडे लाडाच्या प्राण्यांसाठी नव्हे, कमावत्या जनावरांसाठी रुजली. आमचा शेरूही तसा कमावताच होता, हे उस्तादांनी केसपेपर लिहिणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगितले.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि एका मिनिटात निदान केले. बद्धकोष्ठता नव्हती. लघवी अडली होती. मूत्राशय संत्र्याएवढे टणक झाले होते. "आणखी एक रात्र गेली असती तर आणायची गरज पडली नसती," ते म्हणाले. भूल देऊन नळी घातली, अडलेली लघवी काढली, सलाइन लावले. दोन रात्री तेथेच ठेवावे लागले. टॅक्सी, बाहेरून आणलेली औषधे, सलाइन, इंजेक्शने सर्व मिळून ४१० रुपये खर्च आला. आमचे ८५ त्यात गेले. उरलेले २५ उस्तादांनी घातले आणि परत घेतले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात शेरू पुन्हा तसाच कात्रणात जाऊन बसला. या वेळी आम्ही पहिल्या तासातच अब्बांकडे गेलो आणि त्याच दुपारी परळला. मूत्रपिंडांना अजून इजा झालेली नव्हती. एका रात्रीत काम झाले आणि खर्च १४० रुपये. आजार तोच, बोका तोच, डॉक्टरही तेच. दोन बिलांतला फरक २७० रुपयांचा, आणि तो निव्वळ दोन दिवसांच्या उशिराचा.

हा आजार ओळखा

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. लघवीत वाळूसारखे खडे आणि चिकट स्राव जमून त्याचे बूच बसते. मांजरीचा मार्ग रुंद असल्याने तिच्यात असे क्वचित घडते. बोका वारंवार बसतो, जोर करतो, थेंबभर किंवा काहीच येत नाही, मागचा भाग सारखा चाटतो, पोटाला हात लावू देत नाही. घरच्यांना वाटते, शौचाला होत नाही. नेमकी हीच चूक जीव घेते. लघवी तुंबली की मूत्रपिंडे काम थांबवतात, रक्तात पोटॅशियम वाढते आणि शेवटी हृदय बंद पडते. पूर्ण अडल्यापासून दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. म्हणून बोका जोर करतो आणि लघवी दिसत नाही, एवढे समजले तरी 'उद्या पाहू' म्हणू नये. हा त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, नेण्याचा आजार आहे. बरे झाल्यावर पुन्हा होण्याचा संभव राहतो. पाणी जास्त पोटात जाईल असे ओलसर खाणे द्यावे आणि नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवू नये.

पिल्लांचा मोठा शत्रू दुसराच आहे. पॅनल्युकोपेनिया नावाच्या विषाणूने उलट्या, जुलाब व ताप येऊन लस न टोचलेले पिल्लू एक-दोन दिवसांतही जाते. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाइन व शुश्रूषेने तग धरवावा लागतो. उलट लस आहे, आणि ती स्वस्त पडते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत चालते. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस वेगळी. शिवाय कोणत्याही मांजराने दोन दिवस काही खाल्ले नाही तर थांबू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि एका आजाराचे दोन होतात.

मेडिकल दुकानदारांना

आमच्या समाजातील पुष्कळ तरुण या धंद्यात आहेत, म्हणून त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाचे यकृत हे औषध ज्या क्रियेने निकामी करून बाहेर टाकते, ती क्रिया मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. रक्त प्राणवायू वाहून नेण्याचे काम सोडते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड सुजते. चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मारू शकते. तुकडाही सुरक्षित नाही. चुकून पोटात गेलीच तर उतारा आहे, पण तो डॉक्टरकडे, आणि तोही लवकर. कुत्र्याच्या पिसवांसाठीचे परमेथ्रिन असलेले औषधही मांजरावर टाकू नये. गिऱ्हाईक मूल असेल तर गोळीऐवजी डॉक्टरचा पत्ता द्यावा. दोन रुपयांची विक्री बुडेल, पण दुकानाचे नाव राहील.

गोदामवाल्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मांजर पाळायचे तर उंदरांचे विष घालू नये. विषारी उंदीर खाल्लेले मांजरही मरते. रक्त पातळ करणाऱ्या विषावर व्हिटॅमिन के हा इलाज आहे. झिंक फॉस्फाइडवर खास उतारा नाही.

कोठे जावे

मोठ्या शहरांत आज सोय वाढली आहे. मुंबईत परळचे इस्पितळ आहेच. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. तेथे शिकाऊ विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तपासतात. वेळ थोडा जास्त लागतो, खर्च मात्र खाजगीपेक्षा कमी येतो.

तालुक्याच्या गावी सरकारी किंवा जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो गाई-म्हशी-शेळ्यांसाठी असल्याने लोक मांजर घेऊन जायला लाजतात. लाजू नये. श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात. नळी घालण्याचे साहित्य तेथे नसले तरी ते पोट तपासून निदान सांगतील आणि पुढे कोठे न्यायचे ते लिहून देतील. निम्मी लढाई तेथे जिंकली जाते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. डॉक्टर पदवीधर व नोंदणीकृत आहे का, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे आणि त्यात अपमान नाही.

मूल एकटे गेले तर

आम्हाला काउंटरवरून परत पाठवले गेले त्यामागे कायदा होता. १८ वर्षांखालील व्यक्ती कायद्याने अज्ञान. तिला १८७२ च्या करार कायद्यान्वये करार करता येत नाही. १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक ठरवला. भूल देण्यास संमती आणि बिलाची हमी या दोन्हींसाठी डॉक्टरला सज्ञान माणसाची सही हवी असते. ती अडचण खरी आहे. पण ती सोडवता येते.

मुलांनी पुढील गोष्टी कराव्यात. प्रथम कागदावर लिहून घ्यावे: शेवटचे कधी खाल्ले, लघवी कधी दिसली, उलटी किती वेळा, घरात काय पाजले. पाजलेले लपवू नये, मग ते उस्तादांचे एरंडेल असो की दुकानातली गोळी. आई-वडील येऊ शकत नसतील तर मामा, चुलत भाऊ, शेजारी, कारखान्यातले जुने माणूस, कोणीही एक सज्ञान बरोबर घ्यावे. कोणीच नसेल तर वडिलांची चिठ्ठी आणि फोन नंबर. आत गेल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: "डॉक्टरसाहेब, माझ्याकडे इतके पैसे आहेत. यात आज काय करणे सर्वांत जरुरीचे आहे?" या प्रश्नाने शरम वाटत नाही, उलट काम सोपे होते. रक्ततपासणी उद्यावर जाऊ शकते, एक्स-रे थांबू शकतो. अडलेली लघवी थांबू शकत नाही. कोणता खर्च आजचा आणि कोणता उद्याचा, हे डॉक्टरच सांगू शकतो.

मांजराला मोकळे हातात घेऊन जाऊ नये. झाकणाचे खोके, हवेला भोके, आत जुने कापड. दुखणारे मांजर मालकालाही चावते. चावले किंवा ओरबाडले तर जखम १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे. रेबीजची लस सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते. आम्ही ते केले नाही, घरी सांगितलेही नाही. ते आमचे नशीब होते, शहाणपण नव्हते.

डॉक्टरबंधूंना आमचे एवढेच सांगणे. काउंटरवर खोके घेऊन उभे असलेले मूल हे फुकट वेळ घेणारे गिऱ्हाईक नव्हे. सही नंतर येईल. आधी पोटावर हात तर ठेवा. त्या एका मिनिटाला खर्च नाही, आणि त्या मिनिटात जे कळते ते वडिलांना फोनवर सांगता येते. "मांजर आजारी आहे" या निरोपाने कोणी बाप सीझनमध्ये मशीन बंद करीत नाही. "उद्या सकाळपर्यंत मरेल, आज आणले तर वाचेल, खर्च अंदाजे इतका," या निरोपाने करतो.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी मांजराचे काही सांगत असेल तर हातातले काम सोडू नका, पण दोन प्रश्न विचारा: लघवी होते का? काल जेवले का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर त्याच वेळी कोणाला तरी बरोबर पाठवा.

परळहून शेरू घरी आला त्या महिन्यात अब्बांनी कच्च्या वहीत एक नवे नाव घातले. मैदा, सुतळी, पुठ्ठा, वीज यांच्याखाली 'शेरू', आणि पुढे दर महिन्याला १० रुपये. खर्च झाले नाहीत तरी ते डब्यात बाजूला टाकले जात. दुसऱ्या खेपेचे १४० रुपये त्याच डब्यातून निघाले आणि कोणाकडे मागावे लागले नाहीत. त्यानंतर तो बोका आणखी सहा वर्षे जगला. ज्यांच्या गोदामात मांजर आहे त्यांनी आपल्या वहीत अशी एक ओळ आजच घालावी, आणि तो डबा कोठे ठेवला आहे हे घरातल्या मुलाला सांगून ठेवावे.